सबसिडी ७८ हजारांवर थांबते, मग ५ किलोवॅट कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या गावातले एक गृहस्थ घरावर सोलर बसवायचं म्हणतायत. व्हेंडरने ५ किलोवॅटचं ३ लाख १० हजारांचं कोटेशन हातात दिलंय आणि तोंडी सांगितलंय, "सबसिडी ७८ हजार, बिल कायमचं शून्य, जादा वीज महावितरण विकत घेणार, लाइट गेली तरी घर चालू." बिल अजून वडिलांच्या नावावर येतं, वडील चार वर्षांपूर्वी वारले. कनेक्शन सिंगल फेज. वापर एप्रिल-मेमध्ये महिन्याला ४०० युनिट, पावसाळ्याचे चार महिने २२०, ऑक्टोबर ते मार्च १९० च्या आसपास. त्यांना विचारायचंय की सबसिडी खरंच मिळते का आणि ५ किलोवॅट घ्यावं का. जाता जाता पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भावाचंही विचारलंय.

मी सातारा-सांगली भागात बारा वर्षं छपरांवर पॅनेल बसवतोय, त्याआधी घरांच्या वायरिंगची कामं करायचो. तेव्हा मी स्वतः या धंद्यातला माणूस आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी सबसिडीचं. हो, मिळते. योजनेचं नाव 'पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना'. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, १ कोटी घरांचं लक्ष्य आहे आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत मुदत आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. झाले ७८,०००. तिथे मर्यादा आली. चार घ्या, पाच घ्या, दहा घ्या, रक्कम ७८,०००च. म्हणजे व्हेंडरने आकडा खोटा सांगितलेला नाही. तो आकडा ३ किलोवॅटलाही तितकाच मिळतो, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

नावातल्या 'मुफ्त'मुळे बराच घोटाळा होतो. सरकार ३०० युनिट फुकट देतं असं समजून लोक माझ्याकडे येतात. तसं काही नाही. ३ किलोवॅटचं सोलर महिन्याला साधारण ३०० युनिट वीज तयार करतं, ती तुमची तुम्ही तयार केलेली म्हणून फुकट, एवढाच त्याचा अर्थ. छप्पर तुमचं, पैसे बरेचसे तुमचे, ऊन देवाचं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंय सबसिडीबद्दल, पण तुमचा पैसा वाचणार की बुडणार हे सबसिडीवर फारसं ठरत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवर: बिलातले स्लॅब आणि ३१ मार्च ही तारीख.

स्लॅब आधी घेऊ. महावितरणचं घरगुती बिल पायऱ्यांचं आहे. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग, त्यापुढे आणखी. नियामक आयोग दर बदलत असतो, म्हणून मी पैशांपर्यंत न जाता गोल आकडे धरतो. वहन आकार धरून पहिल्या शंभराला युनिटमागे ६ रुपये, पुढच्या टप्प्याला साडेअकरा, तिसऱ्याला साडेपंधरा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. तुमच्या ताज्या बिलाच्या मागच्या बाजूला नेमके दर छापलेले असतात, ते घालून हेच गणित घरी करून बघा.

नेट मीटरिंगमध्ये तुम्ही घेतलेल्या युनिटांतून तुम्ही दिलेली युनिट वजा होतात आणि उरलेल्यांना स्लॅब लागतो. म्हणजे सोलर नेहमी वरून खातं. पहिला किलोवॅट तुमची सगळ्यात महाग युनिट उडवतो, दुसरा त्याच्या खालची, तिसरा स्वस्त शंभरातली. चौथ्याला खायला काही उरतच नाही. आणि गंमत बघा, सबसिडीही तशीच उतरत जाते: तीस, तीस, अठरा, शून्य. दोन्ही जिने एकाच दिशेने खाली जातात. म्हणून पहिल्या किलोवॅटची आणि पाचव्याची किंमत व्हेंडरकडे सारखी असली तरी तुमच्यासाठी त्यांची लायकी सारखी नाही.

तुमच्याच आकड्यांवर मांडतो. आपल्या भागात एक किलोवॅट एप्रिल-मेमध्ये महिन्याला १३० युनिटच्या आसपास देतो, पावसाळ्यात ७०-७५ वर येतो, ऑक्टोबर ते मार्च ११५ धरा. वर्षाला साडेबाराशेच्या घरात. हे मी हात राखून धरलेले आकडे आहेत. छप्पर मोकळं असेल आणि पॅनेल वेळच्या वेळी पुसली तर यापेक्षा जास्त मिळतं. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला पावसाळा लांबतो, तिथे कमी.

२ किलोवॅट बसवलं तर एप्रिल-मेच्या ४०० पैकी २६० निघून जातात, १४० चं बिल येतं. महिन्याला ३,९०० रुपयांच्या आसपास वाचतात. पावसाळ्यात २२० मधले १५० जातात, ७० उरतात तेही स्वस्त स्लॅबचे, वाचले १,८००. ऑक्टोबरपासून २३० तयार आणि १९० वापर, म्हणजे युनिटांचं बिल शून्य आणि दरमहा ४० युनिट खात्यावर जमा. वर्षाची बचत साधारण २७ हजार. आज २ किलोवॅट बऱ्यापैकी मालासकट १ लाख ३० हजारांच्या आसपास पडतं. ६० हजार सबसिडी गेली की तुमच्या खिशातले ७० हजार. पावणेतीन वर्षांच्या आत वसूल. बँकेत कुठली ठेव देते हो असं?

आता तिसरा किलोवॅट. ३ किलोवॅट १ लाख ९० हजारांना धरलं, सबसिडी ७८ हजार, तर दोनवरून तीनवर जायला तुम्हाला ४२ हजार जास्त घालावे लागतात. तो काय देतो? एप्रिल-मेमध्ये उरलेले १३० युनिट खातो, पावसाळ्यातले ७० खातो. ऑक्टोबर ते मार्च मात्र त्याची सगळी वीज जमाच होते. सगळं मिळून वर्षाला सव्वासहा हजार. वसूल व्हायला साडेसहा-सात वर्षं. वाईट नाही, पण पहिल्या दोघांच्या जवळपासही नाही.

चौथा आणि पाचवा प्रत्येकी ६० हजारांना, सबसिडी शून्य. घरातला वापर तर आधीच संपलेला. म्हणजे त्यांची जवळजवळ प्रत्येक युनिट महावितरणला जाणार. कोणत्या दराने, ते पुढे सांगतोच. सध्या एवढं धरा की वर्षाला किलोवॅटमागे पावणेचार हजारांच्या आसपास हातात येतात. ६० हजार वसूल व्हायला सोळा वर्षं. तोवर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा, एकदा तरी बदलून झालेला असेल.

तर वापर आहे असाच राहणार असेल तर २ किलोवॅट. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो वाढणार हे नक्की असेल, म्हणजे बेडरूममध्ये एसी येतोय, गॅसऐवजी इंडक्शन चालू करताय, मुलगा इलेक्ट्रिक स्कूटर घेतोय, तर ३. नुसत्या स्कूटरसाठी मात्र वाढवू नका. रोज पंचवीस किलोमीटर फिरवली तरी ती महिन्याला २५-३० युनिटच्या वर खात नाही. गिझर आणि एसी हेच खरे खादाड. ५ किलोवॅट तुमच्यासाठी नाही.

आता ३१ मार्च. नेट मीटरमध्ये या महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात जाते हे सगळे सांगतात. ती आर्थिक वर्षाअखेरीस थांबते हे फार कमी लोक सांगतात. ३१ मार्चला खात्यावर जी युनिट उरतील ती आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण घेते आणि १ एप्रिलला तुम्ही पुन्हा शून्यापासून सुरू करता. तो दर युनिटमागे ३ रुपयांच्या आतबाहेर असतो. तीच युनिट तुम्ही मे महिन्यात वापरली असती तर साडेअकरा वाचले असते.

आणि आपल्याकडे ही तारीख नेमकी वाईट जागी पडते. थंडीत पंखे बंद, वापर कमी, आभाळ स्वच्छ, पॅनेल जोरात. ऑक्टोबरपासून शिल्लक साठत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर भरभरून वीज तयार होते. आणि जेव्हा कुलर-एसी चालू व्हायची वेळ येते तेव्हा पाटी कोरी. धान्य साठवून ठेवावं आणि दुष्काळाच्या आदल्या दिवशी ते मातीमोल भावाने विकून टाकावं लागावं तसं. म्हणूनच मी वर्षाचा एकूण वापर भागिले वर्षाची निर्मिती असं गणित करत नाही. एप्रिल ते सप्टेंबर वेगळं आणि ऑक्टोबर ते मार्च वेगळं बघतो. तुमचं वार्षिक गणित केलं तर २,८२० युनिट वापर, म्हणजे सव्वादोन किलोवॅट हवं असं उत्तर येतं आणि कुणीही ३ सुचवेल. महिन्यागणिक बघितल्यावर तिसऱ्याचं खरं रूप दिसतं.

'बिल कायमचं शून्य' हे तर विसराच. स्थिर आकार दर महिन्याला येणारच. सिंगल फेजला तो शे-सव्वाशेच्या वर आहे, त्यावरही वीज शुल्क लागतं. थ्री फेजचा स्थिर आकार याच्या तिपटीच्या आसपास असतो. मोठं सोलर घ्यायचं म्हणून कनेक्शन थ्री फेज करायला कुणी सांगत असेल तर तो दरमहाचा फरकही हिशोबात धरा, एकदा लागला की तो कायमचा.

आणि 'लाइट गेली तरी घर चालू' हे तर साफ चूक. साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. भर दुपारी, कडक उन्हात, छपरावर वीज तयार करायची ताकद असूनही बंद. बिघाड नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं. तुमच्या छपरावरची वीज बाहेरच्या तारेत गेली आणि खांबावर चढलेल्या वायरमनला लागली तर? म्हणून इन्व्हर्टरला लाइन दिसली नाही की तो गप्प बसतो. लाइट गेल्यावरही घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते आणि बॅटरीवर या योजनेत एक रुपयाही सबसिडी नाही. तुमच्याकडे आधीचा घरगुती इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो आहे तसा राहू द्या, पंखे-दिव्यांपुरता तो पुरतो.

सबसिडी अडकते कुठे ते आता बघू. त्या कामात माझी सगळ्यात जास्त पायपीट झालीय. तुमच्या बाबतीत पहिलाच अडथळा समोर दिसतोय: वडिलांचं नाव. योजनेच्या पोर्टलवर नोंदणी बिलावरच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकाने होते आणि पैसे ग्राहकाच्याच बँक खात्यात येतात. ग्राहक हयात नसेल तर पैसे येणार कुणाच्या खात्यात? दोन वर्षांपूर्वी एका घरी असंच झालं. सगळं काम झालं, मीटर लागला, पॅनेल वीज द्यायला लागली आणि सबसिडीच्या वेळी नावावर गाडी अडली. मग मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, नावबदल, पुन्हा सगळे कागद. घरातल्या दोन भावांत तोवर बोलणं बंद झालं होतं, त्यामुळे एका सहीसाठी दोन महिने गेले. मी तेव्हा घाई केली, आधी नाव बदलून घ्या असं ठामपणे सांगायला हवं होतं. तुम्ही आजच नावबदलाचा अर्ज करा. पॅनेल महिनाभर उशिरा बसली तर काही बिघडत नाही. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही तेव्हाच बघून घ्या.

दुसरं, पॅनेल कोणती. सबसिडी हवी तर पॅनेल डीसीआर लागतात, म्हणजे पॅनेल भारतात जोडलेलं असून पुरत नाही, त्यातले सेलही भारतातच बनलेले हवेत. बाहेरचे सेल घालून इथे जोडलेली पॅनेल स्वस्त पडतात आणि चालायलाही चांगली असतात, पण त्यांना सबसिडी नाही. काही ग्राहक मुद्दाम सबसिडी सोडून तीच घेतात. मोठं छप्पर, मोठा वापर, ८-१० किलोवॅट घ्यायचं असेल तर ७८ हजार सोडूनही कधी कधी हिशोब बसतो. तुमच्या २-३ किलोवॅटला नाही बसणार. म्हणून कोटेशनवर 'डीसीआर' शब्द, पॅनेलची कंपनी, मॉडेल आणि वॅट लिहून घ्या. 'नामांकित कंपनीचे पॅनेल' असं लिहिलेलं कोटेशन मी तरी कोटेशन मानत नाही.

तिसरं फार बारीक आहे, पण हजारो रुपयांचं आहे. सबसिडीसाठी क्षमता मोजताना पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी ती धरतात. समजा ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर दिला आणि छपरावर ५४० वॅटची पाचच पॅनेल लावली, तर बेरीज २.७ किलोवॅट. कागदावर 'थ्री केडब्ल्यू सिस्टीम' छापलेलं असलं तरी पूर्ण ७८ हजार येणार नाहीत. सहा पॅनेल लावली तर ३.२४ होतात आणि इन्व्हर्टरचे ३ धरले जातात. २ किलोवॅटसाठी ५४० ची चार. पॅनेल मोजा, साधी गोष्ट आहे, छपरावर चढून बोटाने मोजता येते.

पैशांच्या व्यवहाराचं विचाराल तर सबसिडी तुमच्या खात्यात येते, व्हेंडरच्या नाही. साधारण क्रम असा: पोर्टलवर अर्ज, यादीतला व्हेंडर निवडणं, बसवणं, नेट मीटर, महावितरणची तपासणी, आणि मग सबसिडीची मागणी. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी ताटकळावं लागत नाही आणि मंजूर भार कमी असेल तर तोही आपोआप वाढवला जातो. त्यासाठी वेगळे 'ऑफिसचे पैसे' कुणी मागितले तर पावती मागा. सबसिडी वजा करून उरलेलेच पैसे द्या, ती आम्ही बघतो, असं म्हणणारेही भेटतील. त्यातले काही सरळ असतात. पण मग सबसिडी तुमच्या खात्यात आली की ती त्यांना देण्याचा करार आधी कागदावर हवा, आणि कोरा चेक तर कुणालाच देऊ नका.

एकरकमी पैसे नसतील तर ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता कर्ज देतात, व्याज घरकर्जाच्या आसपास किंवा त्याहून थोडं कमीच असतं. जनसमर्थ पोर्टलवरून अर्ज होतो. २ किलोवॅटला तुम्हाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही. एवढं मात्र खरं की तुमचं आत्ताचं बिल हाच हप्ता समजलात तर कर्ज तीन वर्षांच्या आतबाहेर फिटतं.

कोटेशनची तारीखही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सामान आणि मजुरी यांची ७०-३० विभागणी धरली तर सगळ्या कामावर मिळून तो १३.८ वरून ८.९ टक्के होतो. जुन्या फाइलमध्ये नुसतं नाव बदलून छापलेली कोटेशनं अजून फिरतायत.

आता छप्पर. इथे एक माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडेही होऊ शकते. सुरुवातीच्या काळात एका घराची पाहणी मी मे महिन्यात केली. दुपारी बाराला उभा राहिलो, जिन्याच्या खोलीची सावली जवळजवळ नव्हतीच. होणार कशी? मेच्या सुरुवातीला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. खोलीच्या उत्तरेला पॅनेल लावून मोकळा झालो. डिसेंबरमध्ये मालकांचा फोन, "दुपारनंतर वीज एकदम पडते." जाऊन बघतो तर दोन पॅनेलवर खोलीची तिरकी सावली. आणि पॅनेल एका माळेत जोडलेली असल्यामुळे त्या दोघांनी बाकीच्यांचाही दम काढलेला. स्वखर्चाने स्ट्रक्चर हलवून दिलं.

तेव्हापासून मी हिशोब डिसेंबरचा करतो. कराडच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी दहा फूट उंच वस्तूची सावली भर दुपारी साडेआठ फूट पडते, साडेतीनच्या सुमाराला सतरा फुटांवर जाते. तीन फुटांच्या कट्ट्यावर सात फुटांची पाण्याची टाकी, झाले दहा फूट. टाकी पॅनेलच्या दक्षिणेला असेल तर एवढं अंतर सोडा नाहीतर स्ट्रक्चर उंच करा. उत्तरेला असेल तर निवांत रहा. २ किलोवॅटला दोनशे चौरस फूट मोकळी जागा पुरते, तोंड दक्षिणेला, उतार पंधरा-वीस अंशांचा.

साखर कारखाना तुमच्यापासून किती लांब आहे ते लिहिलं नाहीत. हे ऐकून लोक हसतात, पण गळीत हंगामात चिमणीची काळी राख दोन-तीन किलोमीटरवरच्या छपरांवर मी रोज बघतो. हात फिरवला की बोटं काळी होतात. अशा गावात नोव्हेंबर ते मार्च आठवड्याला एकदा तरी पॅनेल पुसावी लागतात, सकाळी सातच्या आत, मऊ फडक्याने. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग धरतात, मग टाकीत साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरा. म्हणून स्ट्रक्चर उंच करायच्या नादात पॅनेलपर्यंत हात पोचणारच नाही असं करू नका. खाली वाळवणाला सावली मिळते म्हणून दहा फूट उंच करून घेतलेली स्ट्रक्चर बघितलीत मी, वर चढायला शिडी नाही आणि पॅनेलवर बोटभर थर.

कोटेशनमधल्या ज्या ओळी लोक वाचत नाहीत त्या अर्थिंग आणि वीजरोधकाच्या, म्हणजे आभाळातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरच्या. पॅनेलच्या बाजूचं, इन्व्हर्टरच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं अशी तीन वेगळी अर्थिंग हवीत. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा कोसळतात ते मी सांगायला नको. योजनेतल्या व्हेंडरला पाच वर्षं देखभाल करून द्यावी लागते, ते करारात आहे का बघा. आणि त्या पाच वर्षांत फोन उचलणारा माणूस तालुक्यातला असेल तर पाच हजार जास्त मोजलेले बरे.

तुमच्या शेजारीपाजारी कुणाचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत असेल तर त्यांना सांगा, राज्य सरकारची 'स्मार्ट' नावाची वेगळी योजना आहे. १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्य सर्वसाधारण गटाला १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना साडेसतरा हजार देतं. ५० हजारांच्या कामात शेवटच्या गटाला अडीच हजारच भरावे लागतात. तुम्ही त्यात बसत नाही.

राहिला पुण्याचा भाऊ. फ्लॅटच्या गच्चीवर एकट्याचा हक्क नसतो, त्यामुळे स्वतःच्या मीटरवर घ्यायचं तर सोसायटीची लेखी परवानगी लागेल आणि गच्चीत सगळ्यांना पुरेल एवढी जागा नसते, इथेच बहुतेक बैठका मोडतात. त्यापेक्षा सोसायटीच्या सामायिक मीटरवर घ्यावं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, घरटी ३ किलोवॅट या हिशोबाने ५०० किलोवॅटपर्यंत. पंप दिवसा चालवले तर फायदा आणखी. भावाला म्हणावं सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं काढ, गच्चीचा फोटो काढ, तोही सकाळी नऊ आणि दुपारी तीनचा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला सेक्रेटरीला आत्ताच पत्र दे.